पाव्हणं, तुमचं बरंय, तुम्हाला टॅक्स नाय

मे महिन्यात तासगावला मेव्हण्याच्या घराची वास्तुशांत होती. पंगत उठली, पुरुष मंडळी मांडवात खुर्च्या टाकून बसली, आणि दरवेळी निघतो तो विषय याही वेळी निघाला. माझे साडू माध्यमिक शाळेत शिक्षक आहेत, २००५ च्या आधी लागलेले म्हणजे जुन्या पेन्शनचे, वयानं माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पाव्हणं, यंदा किती भरला टॅक्स?" मी काही बोलायच्या आत त्यांनीच सांगून टाकलं की त्यांचा ५५,९०० रुपये कापला गेला, पगारातनंच, हातात यायच्या आधी. आणि मग ते वाक्य, "तुमचं बरंय, तुम्हाला टॅक्स नाय."

मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर. कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत कारखान्यांची वायरिंगची कामं, पॅनल बसवणं, केबल टाकणं, शिवाय तासगाव भागात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची कामं, आणि मधे काही नसलं की घरं. चार पोरं आहेत हाताखाली. हे वाक्य मी गेली वीस वर्षं ऐकतोय. साडूंकडून, बँकेतल्या मित्राकडून, शेजारच्या पोस्टातल्या काकांकडून. आणि वीस वर्षं मी एकच उत्तर देत आलोय, जे आमच्या लाइनीतला प्रत्येक माणूस देतो, मग तो प्लंबर असो, फॅब्रिकेशनवाला असो, नाहीतर पुण्यात कंपनीला कॉन्ट्रॅक्टवर बसलेला सॉफ्टवेअरवाला असो.

ते उत्तर म्हणजे, आम्हाला पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही, रजा टाकली तर त्या दिवसाची कमाई गेली, पाय मोडला तर महिनाभर घरी बसून पोरांचे पगार द्यायचे. पार्टी पैसे कधी देईल याचा भरवसा नाही. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा माझ्या गाळ्यात छताला लागलं होतं, वायरची बंडलं, मेगर, दोन ड्रिल मशीन, क्रिंपिंगची हत्यारं, एका पार्टीचं अर्धं झालेलं पॅनल, सगळं चिखलात. त्या ऑगस्टमध्ये साडूंचा पगार एक तारखेला झाला आणि माझ्या घरात तीन महिने एक रुपया आला नाही. हे सगळं खरं आहे, यातलं एक अक्षर मी मागं घेत नाही.

जीएसटीचंच बघा. बिल टाकलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला त्या बिलावरचा १८ टक्के कर, माल घेताना भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट वजा करून, सरकारला भरायचाच, पार्टीनं मला पैसे दिले असोत नसोत. एका कारखान्याचं बिल सात महिने अडकलं होतं, नाव लिहीत नाही, त्याचा जीएसटी मी बायकोची चेन सोसायटीत ठेवून भरलाय. पगारदार माणसाला हे सांगून कळत नाही, कारण त्याला न मिळालेल्या पैशावर कधी कर भरावा लागत नाही.

पण त्या दिवशी मांडवात मी हे उत्तर दिलं नाही. गप्प बसलो. बायकोला वाटलं मला राग आला. राग नव्हता आला. मला ते उत्तर आता पटत नाही, का पटत नाही ते नीट सांगावं म्हणून हे लिहितोय.

आधी कायदा काय आहे ते, कारण निम्मं भांडण गैरसमजावर चालतं. छोट्या धंदेवाल्याला वह्या-खतावण्या ठेवणं जमत नाही म्हणून आयकरात ४४एडी नावाचं कलम आहे. हे १९९४ ला आलं तेव्हा फक्त बांधकामाच्या कंत्राटदारांसाठी होतं, एकूण बिलाच्या ८ टक्के नफा धरायचा आणि त्यावर कर भरायचा, हिशोब दाखवायची गरज नाही. पुढं ते सगळ्याच छोट्या धंद्यांना लागू झालं, आणि पैसे बँकेतनं आले असतील तर ८ च्या जागी ६ टक्के झाले. आता तर रोखीचा व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी उलाढालीपर्यंत चालतंय. इंजिनिअर, आर्किटेक्ट, डॉक्टर, वकील यांच्यासाठी वेगळं कलम आहे, ४४एडीए, त्यात फीच्या निम्मी रक्कम नफा धरतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा लागू, त्यात कलमांचे नंबर बदलतात, पण ही सोय राहते.

आता माझे आकडे सांगतो, लपवण्यासारखं काही ठेवलेलं नाही. २०२४-२५ ला माझी उलाढाल ४४ लाख. त्याचे ६ टक्के म्हणजे २ लाख ६४ हजार. मी रिटर्नमध्ये एवढंच उत्पन्न दाखवलं असतं तर टॅक्स शून्य. शिवाय कारखाने माझ्या बिलातनं १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात, तो वर्षाचा साधारण ३८ हजार झाला होता, तो सगळा रिफंड म्हणून परत. म्हणजे साडूंचे ५५,९०० गेले आणि मला सरकारकडून ३८ हजार आले असते. त्यांनी चिडू नये तर काय करावं?

माल, पोरांचे पगार, गाळ्याचं भाडं, गाडी, पेट्रोल जाऊन त्या वर्षी माझ्याकडे खरे उरले ८ लाख ६० हजार.

२ लाख ६४ हजार आणि ८ लाख ६० हजार. सगळा वाद या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहे. आमच्यातले बहुतेक जण म्हणतात की कायद्यानंच ६ टक्के सांगितलंय मग आम्ही काय चूक केलं. मीही कित्येक वर्षं तेच म्हणत होतो. पण कलम नीट वाचून घेतलं एकदा सीएंकडून, तर त्यात ६ टक्के किंवा प्रत्यक्षात त्याहून जास्त कमावले असतील तर ते, असं आहे. ६ टक्के ही खालची पायरी आहे. आम्ही ती छत समजून बसलोय.

आणि पुरात सामान गेलं, पार्टी पैसे बुडवते, पेन्शन नाही, या सगळ्याचा या दोन आकड्यांशी काय संबंध? मला हे कळायला फार वर्षं लागली. जोखीम आहे म्हणून मी माझा दर जास्त लावावा, पॉइंटमागं दहा रुपये वाढवून मागावेत, ॲडव्हान्स घेतल्याशिवाय कामाला हात लावू नये, हे बरोबर आहे. ते पार्टीशी बोलायचं. पण जोखीम आहे म्हणून उरलेले ८ लाख ६० हजार मी २ लाख ६४ हजार सांगावेत हे त्यातनं निघत नाही. आणि जोखमीचा खर्च तर आधीच वजा झालेला असतो, बुडालेलं बिल, भिजलेली वायर, सगळं जाऊनच तो उरलेला आकडा येतो. आम्ही दराच्या प्रश्नाचं उत्तर टॅक्सच्या प्रश्नाला देतोय.

माझा वर्गमित्र इंग्लंडमध्ये कॉन्ट्रॅक्टवर सॉफ्टवेअरचं काम करतो, स्वतःची एकट्याची कंपनी काढून. तिकडं हाच वाद २००० सालापासून चाललाय म्हणे. आयआर ३५ नावाचा नियम आहे, की तू एकाच कंपनीत नोकरासारखाच बसून काम करत असशील तर नोकरासारखाच टॅक्स भर. आधी ते ज्यानं त्यानं स्वतःच ठरवायचं असायचं, २०१७ ला सरकारी कामांत आणि २०२१ ला मोठ्या-मध्यम खाजगी कंपन्यांत ते ठरवायची जबाबदारी काम देणाऱ्यावर टाकली. त्याला विचारलं, लोक नावं ठेवतात तेव्हा तू काय म्हणतोस? तर म्हणाला, मला भरपगारी रजा नाही, आजारी पडलो तर पैसे नाहीत, काम कधीही बंद होतं. सात समुद्रापलीकडं शब्दाला शब्द आमचंच उत्तर. त्याचं म्हणणं असंय की नोकरासारखा टॅक्स घेताय तर नोकराच्या सवलती पण द्या, आणि ते मला एकदम पटलं. पण आमच्या इथलं दुखणं ते नाही. आमच्या इथं मुळात खरा आकडाच कुणी सांगत नाही.

माझं मत बदललं ते काही वाचून वगैरे नाही बदललं.

पहिला दणका २०१८ ला बसला. विश्रामबागेत फ्लॅट बघितला होता, दोन खोल्या, पूर्वेला गॅलरी, बायकोनं पडद्याचा रंग सुद्धा ठरवलेला. बँकेत गेलो. साहेबांनी तीन वर्षांची रिटर्न मागितली, चाळली आणि विचारलं, तुमचं उत्पन्न वर्षाला तीन लाख, हप्ता बसतोय महिन्याला बावीस हजार, खाणार काय? मी म्हटलं साहेब, तसं नसतंय, हातात जास्त येतंय. ते म्हणाले, कुठं लिहिलंय? कुठंच लिहिलेलं नव्हतं. शेजारच्या खुर्चीवर बायको बसलेली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पर्स उचलली.

दुसरी गोष्ट लिहायला जड जातीय. माझा एक जोडीदार होता, प्लंबिंगची कामं घ्यायचा, कित्येक साइटवर आम्ही बरोबरच असायचो, भिंतीला आधी त्याचे पाइप की माझे कंड्युट यावरून रोज वाद आणि रोज डबा एकत्र. २०२३ च्या पावसाळ्यात मिरजेहून येताना टेम्पोनं उडवलं. ३८ वर्षांचा. मागं बायको, दोन पोरं, आई. अपघाताच्या भरपाईच्या दाव्यासाठी वकिलाकडं वहिनींबरोबर मी गेलो होतो. त्यांच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, त्यात आधार, मार्कलिस्ट, लग्नाचा फोटो आणि तळाला आयटी रिटर्न. वकिलांनी बाकीचं बाजूला ठेवलं आणि रिटर्न हातात घेतलं. उत्पन्न तीन लाख.

मग त्यांनी एका कोऱ्या कागदावर हिशोब मांडून दाखवला, तो कागद अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. सुप्रीम कोर्टाच्या निकालांनी पद्धत ठरवून दिलीय. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, तर पुढं कमाई वाढली असती म्हणून उत्पन्नात ४० टक्के मिळवायचे (कायम नोकरी असती तर ५० टक्के, इथंही आम्ही खालीच). तीन लाखाचे झाले चार लाख वीस हजार. घरात चार माणसं अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा, राहिले तीन लाख पंधरा हजार. ३८ वयाला १५ नं गुणायचं. सव्वासत्तेचाळीस लाख. वहिनी म्हणाल्या, पण ते साठ-सत्तर हजार आणायचे हो महिन्याला, मी बघितलंय. वकील म्हणाले ताई, मी मानतो, तिथं कागद लागतो. साडेसात लाख जरी रिटर्नमध्ये असते आणि त्यातनं टॅक्स वजा केला असता तरी त्याच हिशोबानं रक्कम कोटीच्या पुढं जात होती. आणि तो सगळा टॅक्स वर्षाला फारतर तीस-चाळीस हजार झाला असता.

पुढं दाव्याचं काय झालं तो त्या घरचा विषय आहे, इथं लिहीत नाही. पण परत येताना शंभरफुटी रोडवर गाडी बाजूला घेऊन मी थांबलो होतो बराच वेळ. कारण त्याचं रिटर्न जिथं भरलं जायचं तिथंच माझंही भरलं जायचं, त्याला तिथं मीच नेलं होतं, आणि ६ टक्के दाखव म्हणजे विषय संपला हे त्याला मीच सांगितलं होतं.

तेव्हापासून खरा आकडा दाखवतो. ४४एडी मध्येच राहून ६ टक्क्यांपेक्षा जास्त उत्पन्न दाखवता येतं, त्यासाठी ऑडिट करावं लागत नाही, हे पण बऱ्याच जणांना माहीत नाही, लोक उगाच घाबरतात. २०२४-२५ चा माझा टॅक्स झाला ३७,४४० रुपये. टीडीएस ३८ हजार कापलेला होता, रिफंड आला ५६० रुपये. बायकोला मोबाईलवर दाखवला. पोरांचे पगार पण आता खात्यावरच जातात. सुरुवातीला दोघांनी कुरकुर केली, हातात द्या म्हणाले, पण मागच्या दसऱ्याला त्यातल्याच एकाला गाडीचं कर्ज मिळालं स्टेटमेंट दाखवून.

आता पगारदार मंडळींना पण दोन शब्द, कारण त्यांचं सगळंच बरोबर आहे असं नाही. उत्पन्न सारखं असेल आणि दोघंही खरं सांगत असतील तर जास्त टॅक्स आम्हाला बसतो. साडूंचा पगार वर्षाला ११ लाख, नव्या करपद्धतीत त्यातनं ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळाली आणि टॅक्स झाला ५५,९००. मी ११ लाख नफा दाखवला असता तर मला ती वजावट नाही, टॅक्स ६७,६००. ११,७०० रुपये जास्त. हे मी त्यांना कागदावर करून दाखवलं तर दोनदा तपासलं त्यांनी, गणिताचेच शिक्षक आहेत. व्यवसाय कर तर सगळ्यांनाच आहे, वर्षाचे २,५०० त्यांचेही जातात आणि माझेही.

आणि खरंतर २०२५-२६ पासून आमच्या दोघांचा हा वाद संपायला पाहिजे होता. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत टॅक्सच नाही, पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत. म्हणजे साडूंनाही शून्य आणि मलाही. तरीपण मांडवात विषय निघालाच. म्हणजे चीड त्या ५५ हजारांची नाही. चीड याची आहे की त्यांना विचारत कुणी नाही, सरळ कापतात, आणि मला विचारतात, आणि मी काय सांगतो यावर विश्वास ठेवतात. ती चीड मला समजते. उलट १२ लाखांपर्यंत शून्य झाल्यावर तर खोटं सांगायचं उरलंसुरलं कारण पण गेलं ना? माझ्यासारख्या ४०-५० लाख उलाढालीच्या माणसाला आठ-दहा लाख नफा खरा दाखवून एक रुपया टॅक्स लागत नाही, कर्ज मिळतं, विमा मोठा मिळतो, आणि उद्या रस्त्यावर काही झालं तर घरच्यांच्या हातात कागद असतो. तरी परवाच एकजण म्हणाला, कशाला दाखवायचं, उद्या नियम बदलले तर जुना आकडा अंगावर येईल. या भीतीला माझ्याकडं उत्तर नाही, पण त्या वकिलाच्या टेबलावरचा कागद मी बघितलाय.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय हे सगळं लिहिणं अर्धवट राहील. २०१८ च्या दिवाळीत साडूंच्या बंगल्याचं वायरिंग मीच केलं. एक लाख ऐंशी हजारांचं काम. ते म्हणाले बिल कशाला आपल्या आपल्यात, १८ टक्के उगाच. मी पण म्हटलं बरं. ३२,४०० रुपये जीएसटी त्यांचा वाचला, आणि ती एक लाख ऐंशी हजार रोख माझ्या कुठल्याही कागदावर आली नाही. त्या दिवशी मांडवात हे माझ्या जिभेवर आलं होतं, सगळ्यांसमोर बोलायचं. नाही बोललो, कारण त्या व्यवहारात जेवढे ते होते तेवढाच मी होतो. किंबहुना जास्तच. त्यांना कदाचित नियम माहीत नसेल, माझ्याकडं जीएसटी नंबर होता.

आता साडू पुढच्या वर्षी रिटायर होतायत, वरचा मजला काढलाय. मागच्या महिन्यात फोन आला, "पाव्हणं, वरचं वायरिंग बघा तेवढं." जाऊन माप घेतलं, पॉइंट मोजले, घरी येऊन कोटेशन केलं आणि खाली १८ टक्क्यांची ओळ टाकून व्हॉट्सॲपवर पाठवलं. निळ्या टिका आल्या. दोन दिवस काही उत्तर नाही. बायको म्हणाली, तुम्ही नात्यात वाईटपणा घेताय. मी म्हटलं दर कमी करतो पाहिजे तर, ओळ काढत नाही.

तिसऱ्या दिवशी रात्री फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलले, पाऊस, शाळेतल्या परीक्षा. मग म्हणाले, "बिल माझ्या नावानं करू नका, घर हिच्या नावावर आहे." म्हटलं बरं, ताईंच्या नावानं करतो. सोमवारी पोरं पाठवलीत पाइप टाकायला.